एका डोळ्याच्या माणसाचा ठराव

(अबुधाबीहून खोर फक्कानला निघालेली गाडी. बदरुद्दीन चालवतोय. शेजारच्या सीटवर हलव्याचा मोठा डबा आणि आंब्यांची पेटी, म्हणून त्याची मुलगी हुमेरा मागे बसली आहे.)

हुमेरा : ...आणि दगडाच्या अगदी वरच्या टोकाला, अब्बा, देव बसलाय आणि राजा त्याच्यापुढे उभा आहे. कायदे सगळे खाली.

बदरुद्दीन : बरोबर आहे की. देवापुढे राजा काय, कोणीही उभाच राहणार.

हुमेरा : आमच्या अंशला नाही पटलं. नववीतलं पोर. म्हणतो, 'मॅम, ही इज जस्ट सेइंग, डोन्ट ब्लेम मी, ब्लेम हिम.' अख्खा क्लास हसला.

बदरुद्दीन : वाह्यात आहे. काय नाव म्हणालीस राजाचं?

हुमेरा : हमुराबी. बाबिलोनचा. पावणेचार हजार वर्षं झाली.

बदरुद्दीन : म्हणजे इराकातला. मुसाफाच्या साइटवर आमचा एक फोरमन होता बगदादचा. चहा पिताना रोज सांगायचा, हबीबी, दुनियेला कायदा आम्ही शिकवला. मला वाटायचं, फेकतोय.

हुमेरा : फेकत नव्हता. त्याच्याही आधीचे राजे आहेत, त्यांचेही कायदे आहेत. पण शुक्रवारी अर्धा दिवस शाळा, तिथपर्यंत पोचलेच नाही. सोमवारी घेणार होते.

बदरुद्दीन : एसी जास्त होतोय का मागे?

हुमेरा : सोमवारी आता कोण घेईल कोण जाणे.

बदरुद्दीन : दुसऱ्या टीचर असतील ना. शाळा काय एकीवर चालते?

हुमेरा : नोकरी सोडायची हे जमातीच्या फैसल्यात होतं की तुम्ही आपल्या मनानं घातलंत?

बदरुद्दीन : खोर फक्कानहून रोज अबुधाबी कशी करणार तू? जाऊन येऊन पाच तास. रेहानची नोकरी पोर्टवर, त्याचं घर तिथं. निकाह झाला तेव्हाच ठरलेलं, शाळेचं वर्ष संपेपर्यंत तू माझ्याकडे राहायचं, फक्त वीकेंडला तिकडे. वर्ष संपून नवं सुरूसुद्धा झालं. बस्स.

हुमेरा : मी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय.

बदरुद्दीन : फैसल्यात होतं. नोकरी सोडायची आणि नवऱ्याकडे नांदायला जायचं. झालं समाधान?

हुमेरा : झालं. बाय द वे, हमुराबीनं दगडाच्या शेवटी शिव्याशाप पण कोरून ठेवलेत. जो माझ्या शब्दांत बदल करील त्याचं राज्य जावो, त्याचा वंश बुडो, त्याच्या देशात दुष्काळ पडो. लांबलचक.

बदरुद्दीन : घालावेच लागतात. नाहीतर चार दिवस राहत नाहीत नियम. मला विचार. आपल्या कोंडखाडीची माणसं इथं आली तेव्हा काय होती, ठाऊक आहे? एका खोलीत बारा जण, आणि बाराच्या बारा तोंडं बारा दिशांना. क्रिकेटवरून डोकी फोडली. पोलीस आले, दोघांना परत पाठवलं. मग मी जमात बांधली. नियम केले. आज आपल्या गावचा माणूस इथं वारला तर मय्यत अडकून पडत नाही. कोणाची नोकरी गेली तर उपाशी झोपत नाही. ते काय आपोआप झालं?

हुमेरा : नाही. तुम्ही केलंत. तुम्ही येरझाऱ्या घालत बोलायचात आणि मुश्ताकभाई टाइप करायचे. मी सहावीत होते, सोफ्यावर बसून ऐकायचे. मला वाटायचं, माझे अब्बा राजा आहेत.

बदरुद्दीन : चेष्टा करतेस.

हुमेरा : नाही करत. तेव्हा खरंच वाटायचं.

बदरुद्दीन : शारजा मागे पडलं बघ. आता रस्ता मोकळा आहे.

हुमेरा : मला कसली घाई आहे?

बदरुद्दीन : हलवा मुद्दाम बिनतुपाचा घेतलाय. यहयाभाईला डॉक्टरनं तूप बंद केलंय. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही.

हुमेरा : सासऱ्यांना सांगा, मुलगी आणि हलवा, दोन्ही एकाच गाडीतून पोचवले.

बदरुद्दीन : हुमेरा.

हुमेरा : सॉरी.

बदरुद्दीन : यहयाभाई जमातीचा सदर आहे, अध्यक्ष आहे, पण माणूस वाईट नाही. भर बैठकीत म्हणाला, सून नाही, माझी बेटीच आहे.

हुमेरा : त्या दगडावर माझ्यासाठी पण एक कलम आहे. सांगू?

बदरुद्दीन : तुझ्यासाठी?

हुमेरा : बाईनं नवऱ्याला सांगितलं की मी तुझी नाही, तर तिच्या मोहल्ल्यात चौकशी करायची. दोष तिचा नसेल, नवराच तिला वाईट वागवत असेल, तर तिनं माहेरून आणलेलं सगळं घ्यायचं आणि बापाच्या घरी जायचं. असंच लिहिलंय. बापाच्या घरी.

बदरुद्दीन : आणि दोष तिचा निघाला तर?

हुमेरा : नदीत टाकायचं.

बदरुद्दीन : हां! बघ. हे तू आधी नाही सांगितलंस.

हुमेरा : पण आधी चौकशी करायची, अब्बा. त्या जुन्या रानटी माणसांनीसुद्धा आधी विचारायचं ठरवलं होतं. शुक्रवारच्या बैठकीत मला कोणी विचारलं?

बदरुद्दीन : बाईच्या वतीनं तिचा बाप बोलतो, नाहीतर भाऊ. नियम आहे. मी बोललो ना तुझ्या वतीनं.

हुमेरा : काय बोललात?

बदरुद्दीन : जे बोलायचं ते.

हुमेरा : हॉलचं किचन भिंतीपलीकडेच आहे. मी तुमच्यासाठीच चहा गाळत होते. तुम्ही म्हणालात, 'पोरगी घाबरली थोडी.'

बदरुद्दीन : मग, नव्हतीस घाबरली?

हुमेरा : कुलपाचं बोललात का?

बदरुद्दीन : बोललो. यहयाभाई म्हणाला, बिल्डिंगमध्ये बॅचलर लोक राहतात, रेहानची नाइट शिफ्ट असते, सेफ्टीसाठी बाहेरून लावतो पोरगा. त्यावर चार माना हलल्या.

हुमेरा : आणि तुमची?

बदरुद्दीन : सदर बोलल्यावर मध्ये बोलायचं नसतं.

हुमेरा : हा पण तुमचाच नियम.

बदरुद्दीन : माझाच.

हुमेरा : अलार्मचं बोललात?

बदरुद्दीन : ...वेळ आली नाही.

हुमेरा : मग आता ऐका. गाडी चालू आहे, तुम्हाला उठून जाता येणार नाही. ऑगस्ट होता. रेहान ड्यूटीवर, किल्ली त्याच्या खिशात. फायर अलार्म वाजायला लागला. जिन्यावरून लोक उतरताना ऐकू येत होते, पोरं रडत होती, कोणीतरी 'यल्ला, यल्ला' ओरडत होतं. मी अबाया घातला, चप्पल घातली, पर्स घेतली आणि दाराच्या आत उभी राहिले. तयार होऊन. मग पावलं थांबली. फक्त अलार्म. दाराखालून वास यायला लागला. वॉचमननं दार वाजवलं, म्हणाला, 'मॅडम, खोलो.' मी म्हटलं, 'भैया, मेरे पास चाबी नहीं है.' त्यानं बाहेरून हँडल दोनदा ओढून बघितलं. मला अजून तो खडखडाट ऐकू येतो.

बदरुद्दीन : खालच्या मजल्यावर कोणाचं तरी तेल जळालं होतं. आग नव्हती.

हुमेरा : हो. नव्हती. रेहान पण हेच म्हणाला. 'देखा? कुछ हुआ क्या?'

बदरुद्दीन : मी त्याच्याशी बोलेन. मी आज बसून बोलणार आहे त्याच्याशी.

हुमेरा : आणि तो मान हलवेल. आणि तुमची गाडी वळली की कुलूप लावेल. तुम्हाला माहीत आहे, अब्बा. माहीत नसतं तर तुम्ही एवढा मोठा डबा घेतला नसता.

बदरुद्दीन : काय करू मग मी? सांग. फैसला झालाय. फैसला मोडला तर मी जमातीबाहेर. तुला वाटतं मला जमातीची खुर्ची प्यारी आहे? तुझ्या अम्मीच्या कबरीशेजारी मी जागा मागून ठेवलीय. गावचं कब्रस्तान जमातीचं. बाहेरच्या माणसाला फाटक उघडत नाही.

हुमेरा : अहमदचाचांच्या आईला नाही उघडलं तसं.

बदरुद्दीन : जुनी गोष्ट आहे.

हुमेरा : मी तेव्हा सुट्टीत गावात होते. खांदा द्यायला शेजारच्या गावातून माणसं आणली, आणि दफन पण तिकडेच केलं. मय्यत आपल्या दारावरून गेली. दादीनं खिडक्या लावून घेतल्या, कारण अबुधाबीहून तुमचा फोन आला होता. अम्मी एका फटीतून बघत होती. अहमदचाचांनी काय केलं होतं? चोरी?

बदरुद्दीन : ठराव मांडला होता.

हुमेरा : कसला?

बदरुद्दीन : तुला सगळं ठाऊक आहे.

हुमेरा : तुमच्या तोंडून.

बदरुद्दीन : मामला बाईचा असेल तर बैठकीत बाईनं स्वतः बोलावं. त्याच्या बहिणीचं काहीतरी होतं. हात वर झाले नाहीत. ठराव पडला.

हुमेरा : आणि ज्याचा ठराव पडतो तो बाहेर.

बदरुद्दीन : आधी राजीनामा ठेवायचा, मग ठराव मांडायचा. पास झाला तर राजीनामा परत. नाही झाला तर खलास. त्याशिवाय काय होतं, दर बैठकीला नवा शहाणा उठायचा. हा नियम बदला, तो नियम बदला. कामच व्हायचं नाही.

हुमेरा : हा नियम तुमच्या आधी एकानं केला होता. ग्रीक होता. झॅल्युकस नावाचा. हमुराबीनंतर हजार वर्षांनी.

बदरुद्दीन : माझा नियम?

हुमेरा : ज्याला कायदा बदलायचा असेल त्यानं गळ्यात दोराचा फास घालून सभेत यायचं आणि बोलायचं. लोकांना पटलं तर फास काढायचा. नाही पटलं तर तिथंच आवळायचा.

बदरुद्दीन : अक्कलवाला माणूस होता.

हुमेरा : मागच्या वर्षी शिकवताना मला तुमचीच आठवण आली.

बदरुद्दीन : मग? टिकले त्याचे कायदे?

हुमेरा : टिकले. दोनशे वर्षांत म्हणे एकच बदलला.

बदरुद्दीन : बघ! कोणता बदलला?

हुमेरा : अब्बा, पुढे पेट्रोल पंप आहे. थांबाल? मला वॉशरूमला जायचंय. पुढे बोगदे सुरू होतात.

बदरुद्दीन : थांबतो. पेट्रोल पण भरून घेऊ.

हुमेरा : रेहानचा मेसेज. 'स्लो क्यूं हुए?'

बदरुद्दीन : त्याला कसं कळलं?

हुमेरा : लाइव्ह लोकेशन मागितलंय सकाळपासून. आता 'क्यूं रुके?'

बदरुद्दीन : लिही, वॉशरूमला. ये जाऊन लवकर.

हुमेरा : दार उघडत नाहीये.

बदरुद्दीन : ऑटो लॉक असेल. थांब... हां. आता ओढ.

हुमेरा : नाही उघडत.

बदरुद्दीन : दुसऱ्या बाजूचं बघ.

हुमेरा : ते पण नाही. अब्बा, पुढचं लॉक उघडल्याचा आवाज आला. मागची दोन्ही दारं आतून उघडत नाहीयेत.

बदरुद्दीन : थांब, मी बाहेरून उघडतो.

हुमेरा : चाइल्ड लॉक आहे?

बदरुद्दीन : उतरतोय, थांब.

हुमेरा : अब्बा, आपल्या गाडीत लहान मूल कधी बसलंय?

बदरुद्दीन : ...सकाळी लावलं.

हुमेरा : तुम्ही?

बदरुद्दीन : मुश्ताक म्हणाला. चाचा, पोरगी तापट आहे, सिग्नलला मध्येच उतरली तर? हायवे आहे. सेफ्टीसाठी...

हुमेरा : सेफ्टीसाठी.

बदरुद्दीन : थांब. उघडतो. थांब बाय.

हुमेरा : म्हणून आंब्यांची पेटी पुढच्या सीटवर.

बदरुद्दीन : हे बघ, उघडलं. उतर. ये बाहेर.

हुमेरा : राहू दे. मला आता नाही जायचं कुठं.

बदरुद्दीन : उतर ना गो. पाय मोकळे कर.

हुमेरा : तुम्ही तिथं दार धरून किती वेळ उभे राहणार? मागचा गाडीवाला हॉर्न मारतोय.

बदरुद्दीन : मारू दे.

हुमेरा : ऊन आहे, अब्बा. तुम्हाला बीपी आहे.

बदरुद्दीन : तो वॉचमन काय म्हणाला तुला?

हुमेरा : कोण?

बदरुद्दीन : अलार्म वाजत होता तेव्हा. दार खोलो म्हणाला, आणि तू किल्ली नाही म्हणालीस. मग?

हुमेरा : मग काही नाही. थोड्या वेळानं म्हणाला, 'मैं यहीं खड़ा हूँ.' आणि अलार्म बंद होईपर्यंत दाराबाहेर उभा राहिला. उघडू तर शकत नव्हता.

बदरुद्दीन : परका माणूस.

हुमेरा : हो.

बदरुद्दीन : जा तू, जाऊन ये. मी गाडी बाजूला घेतो.

हुमेरा : जाते. डबा उचलू नका एकट्यानं, पाठ धरेल.

बदरुद्दीन : जा म्हणतोय ना.

.

हुमेरा : तुम्ही पाण्याची बाटली घेऊन असे का बसलात? चक्कर येतेय का?

बदरुद्दीन : तो एक कायदा. दोनशे वर्षांत बदललेला. कोणता होता?

हुमेरा : आता कशाला?

बदरुद्दीन : सांग.

हुमेरा : कायदा असा होता की जो कोणाचा डोळा फोडील, त्याचा एक डोळा फोडायचा. बरोबरीचा हिशेब. गावात एक माणूस होता, त्याला एकच डोळा. त्याचा दुष्मन त्याला धमकी द्यायला लागला, तुझा तेवढा डोळा फोडतो, बदल्यात माझा एक गेला तर गेला. कायद्याप्रमाणे फिट्टंफाट.

बदरुद्दीन : म्हणजे हा आंधळा आणि तो एका डोळ्यानं मजेत.

हुमेरा : कायद्याप्रमाणे बरोबर. मग तो एका डोळ्याचा माणूस फास घालून सभेत गेला. म्हणाला, एकच डोळा असलेल्याचा डोळा जो फोडील, त्याचे दोन्ही फोडा.

बदरुद्दीन : आणि?

हुमेरा : लोकांना पटलं. सुटला.

बदरुद्दीन : बाकी सगळ्यांना दोन डोळे होते. त्यांना त्याआधी कधी सुचलंच नसेल.

हुमेरा : कायदा करणाऱ्याला पण नाही सुचलं.

बदरुद्दीन : त्यालाही दोन असतील. फोन दे माझा. मुश्ताकला लाव. स्पीकरवर ठेव, तू पण ऐक.

मुश्ताक : अस्सलाम वालेकुम, चाचा! पोचलात काय? यहयाभाईचे दोन फोन येऊन गेले. तिकडे बिर्याणी तयार आहे म्हणे.

बदरुद्दीन : वालेकुम सलाम. मुश्ताक, बैठक बोलाव. येत्या शुक्रवारी, मगरिबच्या नमाजनंतर.

मुश्ताक : आता परवाच झाली ना? अजेंडा काय लिहू?

बदरुद्दीन : ठराव आहे.

मुश्ताक : कोणाचा?

बदरुद्दीन : माझा.

मुश्ताक : चाचा, कायपण काय! ऊन लागलं काय तुम्हाला?

बदरुद्दीन : लिहून घे. मामला बाईचा असेल तर बैठकीत बाईनं स्वतः बोलावं. अहमदचा होता तोच ठराव. जुन्या मिनिट्समध्ये असेल, शब्द बदलू नकोस.

मुश्ताक : चाचा... तुम्हीच टाइप करवून घेतलंय माझ्याकडून. आधी राजीनामा ठेवावा लागतो.

बदरुद्दीन : ठाऊक आहे.

मुश्ताक : आणि पडला तर मी सेक्रेटरी म्हणून काही करू शकणार नाही. इथलं सगळं सोडा, गावचं... रशीदाचाचीच्या शेजारची तुमची जागा...

बदरुद्दीन : ठाऊक आहे म्हटलं ना.

मुश्ताक : यहयाभाई सदर आहे, चाचा. निम्मे हात त्याच्याकडेच बघून वर होतात. अनुमोदक कोण मिळणार तुम्हाला?

बदरुद्दीन : तू होतोस?

मुश्ताक : मला दोन मुली आहेत. त्यांची लग्नं जमातीतच व्हायचीत.

बदरुद्दीन : मला एकच आहे, मुश्ताक.

मुश्ताक : मी ऐकलं नाही हे. मी बैठकीचा मेसेज टाकतो. माझं नाव त्यात घालू नका. आणि हुमेराला आज कुठं सोडताय? यहयाभाईला काय सांगू?

बदरुद्दीन : काही सांगू नकोस. त्याला दिसेल. ठेवतो.

हुमेरा : अब्बा.

बदरुद्दीन : पडेल ठराव. मला माणसं माहीत आहेत. मीच घडवलीत.

हुमेरा : मग कशाला?

बदरुद्दीन : पडल्यावर मी जमातीचा माणूस राहणार नाही. आणि फैसला पाळायचा तो जमातीच्या माणसानं.

हुमेरा : आणि अम्मीच्या शेजारची जागा?

बदरुद्दीन : मी इकडे होतो आणि ती गावात, तेव्हा अर्धं आयुष्य तिनं माझी वाटच बघितली. सवय आहे तिला.

हुमेरा : असं नका बोलू.

बदरुद्दीन : खिडकीच्या फटीतून बघत होती म्हणालीस ना? मला कधी बोलली नाही ती. बोलली असती तरी मी म्हटलं असतं, बाईच्या वतीनं... जाऊ दे. रडू नको. पंपवाला बघतोय.

हुमेरा : रेहानचे मेसेज येतायत. लोकेशन बंद करू?

बदरुद्दीन : चालू ठेव. गाडी कुठं वळली ते बघू दे त्याला.

हुमेरा : आणि तो आला मागोमाग घरी तर?

बदरुद्दीन : तर दार मी उघडेन, आणि तू स्वतः बोलशील. पुढे ये. ती पेटी मला दे, डबा तू घे, दोन्ही मागे ठेवू.

हुमेरा : ठेवलं. मागच्या दारांचं लॉक अजून तसंच आहे, अब्बा.

बदरुद्दीन : राहू दे. मागे आता फक्त हलवा आहे.